दुसरी सुई

सुईनं गेली, की सुई काढली म्हणून गेली? एवढंच विचारतोय काका, तिसऱ्यांदा विचारतोय, आणि तुम्ही तिसऱ्यांदा चष्मा पुसताय. ठेवा तो खाली. शटरकडे बघू नका, ते मी आतून ओढलंय. जयसिंग येणार नाही — तुमच्या कंपाउंडरला मी मारलं नाही, नुसतं ढकललं, बाकावर आपटला तो, नाकातून थोडं रक्त आलं, सांगितलं बस बाहेर पायरीवर, तर बसला बिचारा. दीड वाजलाय, चारपर्यंत तुमचा दवाखाना बंद असतो, पाटीच लावलीय तुम्ही. वेळच वेळ आहे. आणि हा आकडा बघून घाबरू नका — म्हणजे घाबरा, घाबरवायलाच आणलाय. पोती ओढायचा आहे. लखनौबाहेर चिनहटच्या खताच्या गोदामात आम्ही सगळे कमरेला लावून फिरतो. टोक पोत्यात घुसवायचं, झटका द्यायचा, पन्नास किलो सरकतं. माणसात कसं घुसतं ते ठाऊक नाही. अजून.

काल तेरावा झाला ताईचा. तुम्ही आलात, लाडू खाल्लात, वसुधाकाकू पदर तोंडाला लावून रडल्या. आपलं अख्खं मराठी मंडळ आलं. आणि विश्वासभाऊजींनी सगळ्यांसमोर माझा हात धरला. माझा! म्हणाले, राघव, तू तरी धावपळ केलीस रे, मी कानपूरला फायली तपासत बसलो होतो. का म्हणाले ते असं? तुम्ही सांगितलंत म्हणून. ताई गेली त्या दिवशी याच खोलीत तुम्ही त्यांना सांगितलंत — सरकारी हॉस्पिटलात तिला मॅग्नेशियम टोचलं, त्यानं श्वास बंद पडतो, माझ्याकडे आणली तेव्हाच खेळ संपला होता, पोरानं मात्र शर्थ केली. शर्थ! मी पण धरून बसलो ते. तेरा दिवस. रोज झोपताना एकच — तेरावा होऊ दे, मग सरकारी हॉस्पिटलातल्या त्या डॉक्टरणीला सोडत नाही.

अच्छा, तुम्हाला वाटत असेल, बीस साल का लौंडा, आठवीत दोनदा नापास, याला काय कळतं बाळंतपणातलं. नाहीच कळत. कोण होतं सांगायला? आई असती तर तिनं बघितलं असतं. भाऊजी म्हणत होते कानपूरलाच राहू दे, रेल्वेचं हॉस्पिटल आहे, डॉक्टर ओळखीचे आहेत. मीच गेलो भांडायला. पहिलं बाळंतपण माहेरी होतं आमच्यात, म्हटलं, आई नसली म्हणून काय झालं, मी मेलोय का? माहेर म्हणजे काय — चिनहटला एक खोली, एक पंखा आणि मी. सातव्या महिन्यात घेऊन आलो. ताई हसत होती यार, स्टेशनवर हसत होती, म्हणे राघू, तू डिंकाचे लाडू करणार का आता? केले मी. जाळले थोडे, पण केले.

मग पाय सुजायला लागले. बोट दाबलं की खड्डा पडायचा, उठायचाच नाही वर. आमच्या गोदामात उन्हानं कुणाचे पाय सुजले की एक उपाय आहे, घमेल्यात गरम पाणी, त्यात पोत्यातलं ते पांढरं खत मूठभर — बटाट्याला घालतात ना, बख्शी का तालाब गावाकडचे लोक ट्रॉल्या भरभरून नेतात, तेच — आणि पाय बुडवून बसायचं. हलकं वाटतं. मी ताईचे पाय रोज बुडवायचो. तीन आठवडे. ती म्हणायची डोकं फुटतंय रे, डोळ्यांपुढे ठिणग्या दिसतात. मी म्हणायचो ऊन आहे, पाय टाक पाण्यात. हसू नका! — नाही, तुम्ही हसला नाहीत, ठीक आहे, मला वाटलं.

पण काका, चैत्रातलं हळदीकुंकू आठवतं का? मंडळाच्या हॉलमध्ये? तेव्हा ताई आठव्यात होती. वसुधाकाकूंनी तिची ओटी भरली, हनुवटीला धरून सगळ्या बायकांना दाखवलं — बघा गं, चेहरा कसा भरलाय, तेज आलंय अगदी. सगळ्या म्हणाल्या, तेज आलंय. आणि तुम्ही तिथेच होतात, द्रोणातली आंब्याची डाळ खात. बघितलंत तिच्याकडे. डॉक्टर आहात. ते तेज होतं? बोटातली अंगठी साबण लावूनसुद्धा निघत नव्हती तिची. तुम्ही म्हणालात, डाळीत मीठ जरा कमी आहे. एवढंच म्हणालात. मी मागेच उभा होतो, पन्ह्याचं पातेलं घेऊन. तेव्हा एकदा, फक्त एकदा तिच्या दंडाला तो प्रेशरचा पट्टा बांधला असतात ना — बसा! बसा म्हणतो. पाणी मागू नका, ताईनं पण मागितलं होतं.

ऐका मग. सकाळी दहा वाजता मी पोळ्या लाटत होतो, ती कणीक मळत होती. मळता मळता मान एका बाजूला वळली. डोळे वर. मग जे सुरू झालं — काका, मी रेड्याची मान कापताना बघितलीय, तोही इतके झटके देत नाही. दात तिच्या जिभेत गेले, फेस लाल झाला, डोकं फरशीवर — धाड, धाड, धाड — मी खाली हात घातला तर माझीच बोटं फुटली, ही बघा, नखं काळी आहेत अजून. टेम्पोत घातली, सरकारी हॉस्पिटलात नेली. तिथे ती डॉक्टरणी, पंचविशीची असेल, दोन वेण्या घातल्या असत्या तर शाळेतली वाटली असती. तिनं एक चिठ्ठी दिली, म्हणाली भैया, दौड़ के जाओ, ये सामने से ले आओ. धावलो. औषध मीच आणलं. दुकानदारानं दिलं ते खोकं उचललं, बघितलंही नाही. तिनं एक सुई शिरेत दिली, हळूहळू, घड्याळात बघत, आणि मग दोन्ही कुल्ल्यांवर दोन, या अशा लांब. ताई बेशुद्धीत किंचाळली. पण झटके थांबले. मग ती पोरगी दर थोड्या वेळानं यायची, हातोडीनं ताईच्या गुडघ्यावर टक करायची, पाय उडाला की कागदावर लिहायची. श्वास मोजायची. लघवीची पिशवी बघायची. मला म्हणाली, संध्याकाळपर्यंत बाळ बाहेर काढू, बैठो आराम से.

बसलो मी. तीन वाजता ती दुसऱ्या खेपेची सुई घेऊन आली. खोकं माझ्या मांडीवर होतं, काही काम नव्हतं म्हणून वाचायला लागलो. मला इंग्रजी कुणी शिकवलं माहितेय? पोत्यांनी. पोत्यावरची अक्षरं लावता येतात मला, बाकी काही नाही. एम, ए, जी, एन — आणि माझं डोकं फिरलं. पूर्ण नाव लावलं दोनदा. तेच होतं. तेच, जे मी रोज पाठीवरून वाहतो, ज्यावर खाली लाल शाईत लिहिलेलं असतं, माणसांनी खाऊ नये, मुकादमानं वाचून दाखवलंय आम्हाला. आमच्यातल्या एकानं पैजेवर चमचाभर खाल्लं होतं, दोन दिवस संडासातून उठला नाही. आणि हे ते माझ्या बहिणीच्या रक्तात घालतायत! खत! गरीब लोक, कोण विचारतंय, बटाट्याचं खत टोचा! तेवढ्यात सुई लागली आणि ताई ओरडली, राघू, जळतंय रे. बस.

मारलं मी तिला. मूठ बसली थेट भुवईवर, चष्म्याची काच आत गेली, रक्ताची चिळकांडी तिच्या पांढऱ्या कोटावर. वॉर्डबॉय आला, त्याच्या पोटात लाथ घातली. सलाइनची बाटली फरशीवर फोडली, ताईच्या हातातली नळी उपटली, तिथूनही रक्त. सगळ्या बायका किंचाळत होत्या. ती डॉक्टरणी भिंतीला टेकून एका हातानं डोळा धरून ओरडत होती — मारो मुझे, पर उसे मत ले जाओ. तीनदा ओरडली. मला वाटलं, चोरी पकडली म्हणून ओरडतेय.

आणि मी कुठे आणली? तुमच्याकडे! का? आपला माणूस. एवढ्या मोठ्या लखनौत आपला एक डॉक्टर, मंडळात आरतीला पहिला उभा राहणारा. मी विचारलं होतं तुम्हाला काका, ते मॅग्नेशियमचं, खत टोचतात ते, खरं आहे का? तुम्ही काय म्हणालात? बरं केलंस आणलीस. ते जुनं औषध आहे, मी ठेवतच नाही. बरं केलंस म्हणालात! आणि झोपेची सुई दिलीत. सहा वाजता पहिला झटका. मग दुसरा. मग मोजलेच नाहीत मी. लाइट गेली, जयसिंग जनरेटरची दोरी ओढत बसला, आणि मी इथे, या टेबलावर तिचे खांदे दाबून धरलेले — निळी झाली, काका. ओठ आधी. पोटात बाळ एकदा जोरात फिरलं, मला बाहेरून दिसलं, आणि मग दोघंही थांबले.

आज सकाळी गेलो त्या हॉस्पिटलात. आकडा घेऊनच गेलो, खोटं कशाला बोलू. त्या डॉक्टरणीचा डोळा फोडायचा उरला होता, तो फोडायला गेलो. दारातच म्हातारी सिस्टर. आकड्याकडे बघितलं आणि म्हणाली, बेटा, लोहा बाहर रख के आओ, यहाँ बच्चे पैदा होते हैं. मला काय झालं माहीत नाही, ठेवला मी. आत ताईच्याच खाटेवर एक बाई. बख्शी का तालाबची. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आणली होती, झटके येत होते, ताईसारखेच. उशाशी तेच खोकं. तेच, एम, ए, जी, एन. आणि ती बाई खिचडी खात होती. शेजारी हे एवढं लाल पोर. मला म्हणाली, भैया, बहुत जलती है ये सुई, लगता है जान निकल गई, फिर आँख खुल जाती है. आणि ती डॉक्टरणी होती तिथे. भुवईवर टाके. मला ओळखलं तिनं. पळाली नाही, ओरडली नाही. मी विचारलं — हेच विचारलं, जे तुम्हाला विचारतोय — मेरी दीदी सुई से मरी, या सुई निकाली इसलिए? तिनं एकदा बघितलं, आणि पुढच्या खाटेवर जाऊन कुणाचे तरी श्वास मोजायला लागली.

म्हणून तुमच्याकडे आलो. कोरा कागद घ्या. तुमच्या नावाचा, शिक्क्याचा. घ्या! — हा असा टेबलात घुसतो बघा, लाकडात इतका घुसतो. सागवान आहे ना? लिहा. विश्वासभाऊजींना लिहा. तुमची बायको कांचन. तिला तिकडे योग्य औषध मिळालं होतं. माझ्याकडे ते नव्हतं, आणि परत पाठवायला हवं होतं तरी मी पाठवलं नाही. मी तुमच्याशी खोटं बोललो. लिहिलं? अक्षर लागलं म्हणजे झालं. आता माझं लिहा. तिच्या भावानं तिला तिथून आणली. तिथली डॉक्टर नको म्हणत असताना आणली. ती बेशुद्ध होती — नाही. खोडा. बेशुद्ध नव्हती. भाऊजींना मी सांगितलंय बेशुद्ध होती म्हणून. शुद्धीवर होती. लिहा, शुद्धीवर होती. म्हणाली, राघू, राहू दे रे, जळतं थोडं, पण डोकं हलकं झालंय. ठिणग्या गेल्या. इथंच ठेव मला. असं म्हणाली. मी म्हटलं, तू गप, तुला कळत नाही.

ते — ते लिहू नका. थांबा. असू दे, लिहा. घडी घाला त्याची, इकडे द्या, मी नेतो कानपूरला. उठा आता, शटर उघडा. जयसिंगचं नाक बघा. जा म्हणतो ना काका, माझ्याकडे बघत बसू नका! तिला यायचंच नव्हतं. खाटेची लोखंडी दांडी धरून ठेवली होती तिनं, सुजलेल्या हातानं, घट्ट. एकेक बोट मी सोडवलं.