चिकटलेले फोटो

— अगं, माफी किती वेळा मागशील? वॉशिंग मशीनचा पाइप निसटला, त्याला तू तरी काय करणार! बस आधी. त्या खुर्चीवर नको, तिथे सासूबाई वाळतायत. फोटो गं, फोटो! दचकलीस काय अशी? इकडे पलंगावर ये. आणि पंख्याच्या बटणाला हात लावू नकोस, मामंजींची पत्रं उडतील.

तर वरच्या मजल्यावरून तुझं पाणी उतरलं ते नेमकं माझ्या माळ्यावर — आणि माळ्यावर काय, तर घराण्याची ट्रंक. सगळी पत्रं, सगळे फोटो. नात केव्हाची मागे लागलीय, आजी, ते माझ्यासाठी ठेव हं, पुढे माझ्या पोरांना दाखवीन. लग्नाचा पत्ता नाही, पोरं आधी! मी म्हटलं, डोळ्यांत तेल घालून जपलंय मी. आणि काल ट्रंक खाली घेतली तर तळाशी पाणी, फोटोंची सगळी वीट झालेली. एक सोडवायला गेले, तर कोपराच हातात आला.

मग काय करते? नाक मुठीत धरून धाकट्या जावेला फोन लावला. तिच्या माहेरी फोटो स्टुडिओ, लग्नाआधी वडिलांच्या हाताखाली हेच करायची — पण आमचं बोलणं कुठे होतं? सासूबाई गेल्या तेव्हापासून बंद. कशावरून? ह्याच ट्रंकेवरून! ती म्हणाली, अर्धे फोटो मला द्या. मी म्हटलं, ज्यांनी शेवटपर्यंत केलं त्यांच्याकडे ट्रंक राहील. आता हे बोलायची गरज होती का? काडीची नव्हती. तिनं चपला घातल्या आणि गेली ती गेलीच. भाऊ-भाऊ भेटतात बाहेर, चहा पितात, घरी येऊन आम्हाला सांगत नाहीत — आम्हाला कळत नाही असं वाटतं त्यांना.

तर फोनवर एवढंच म्हटलं, "ट्रंकेत पाणी शिरलंय." मला वाटलं, आता फोन ठेवेल. तर म्हणते, "एकही ओढू नका, जाऊबाई. आहेत तसे गार पाण्यात ठेवा. निघालेच." पूर्वी मला ताई म्हणायची. जाऊबाई! असं टोचलं म्हणून सांगू —

आली. कशी आहेस नाही, बरी आहेस नाही, पदर खोचला नि थेट माझ्या पराती काढल्या. तिला ठाऊक कुठे असतात त्या. दोघी पाण्यात हात घालून बसलो. मी घाईनं बोट घातलं की हातावर चापट — "थांबा ना, सुटतात आपोआप." आणि सुटले की! एकेक फोटो असा तरंगत वेगळा. पत्रांचं मात्र देवानंच राखलं. मामंजी पूल बांधायच्या कामावर रानोमाळ हिंडायचे, तंबूत बसून पेन्सिलीनं लिहायचे, म्हणून अक्षर फुटलं नाही. तिनं एक मोठ्यानं वाचलं. मामंजी म्हणजे नुसते खाकरले तरी घर गप्प — आणि लिहितात काय? "इथला आचारी उत्तम आहे, पण मला तुझ्या हातचं करपलेलंच आठवतं." करपलेलं! आणि ह्याच सासूबाईंनी आम्हा दोघींना जन्मभर स्वयंपाकावरून बोल लावले गं! आम्ही हसतोय, हसतोय — ती ओल्या हातानं डोळे पुसतेय, मला बोलता येईना.

फोटो मात्र सगळेच नाही वाचले. तिच्या लग्नाचा नि माझ्या लग्नाचा, समोरासमोर चिकटले होते. सुटताना माझं अर्धं कपाळ तिच्या खांद्यावर उतरलं, कायमचं. मी म्हटलं, आता हा कुणी ठेवायचा? तिनं तो उजेडात धरला. मग म्हणाली, "ताई, तुम्ही माझ्या खांद्यावर बऱ्या दिसता." ताई म्हणाली हं. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, परातीतलं पाणी बदलायला उठले.

आता फोटोंच्या मागे नावं लिहितोय, मऊ पेन्सिलीनं. गंमत अशी, की निम्मी माणसं मला माहीत आणि निम्मी तिला. ही टोपीवाली कोण? मला वाटायचं शेजारीण. ती म्हणते, अहो, ह्या तर सासूबाईंच्या मावशी! नातीला मी काय दिलं असतं गं, नुसती तोंडं? आणि तसंही — जपलं जपलं म्हणते, पण इतक्या वर्षांत ट्रंक एकदाही उघडली नव्हती मी. एकटीनं बघायचं काय त्यात? हसायचं कुणाबरोबर? ... जाऊ दे. पोरीला सांगायच्या गोष्टी का ह्या.

घंटा वाजली ना? आलीच ती. ऊठ, ऊठ — नाही, तू नको उघडूस, मी उघडते. केस बरे आहेत ना माझे? आणि हे बघ, जिन्यात तुला काही विचारलं तर मी सकाळपासून कामात होते म्हणून सांग. नाहीतर वाट बघत होते म्हणून सांगशील! नीघ आता.