भुंगा

औषधांच्या रांगेत माझ्यामागे दोघी जावा उभ्या होत्या. धाकटीची मुलगी वरच्या वॉर्डात होती.

"आज कशी आहे गं?"

"शांत आहे."

"मग बरंच की! काल केवढा आरडाओरडा."

"काल रक्त घ्यायला चौघांनी दाबून धरलं होतं तिला, ताई."

"पण तू कागद लावला होतास ना खाटेच्या वर? ऑटिझम आहे, हात लावण्याआधी तिला सांगा म्हणून?"

"भिंतीला काही चिकटवायचं नाही म्हणे. काढून टाकला. मग प्रत्येक पाळीच्या नर्सला तोंडी सांगत बसले. त्या म्हणतात, आई, आम्हाला अजून तीस पेशंट आहेत."

"त्यांचंही खरंय गं."

"खरंच आहे. आज सुई टोचली तर हललीसुद्धा नाही. नर्स म्हणाली, बघा, एका दिवसात कशी शहाणी झाली!"

"झाली असेल सवय."

"ताई, ती सारखी गुणगुणते ना?"

"झोपेतसुद्धा! उगाच का भुंगा म्हणतो तिला आम्ही?"

"कालपासून बंद आहे. मीच गुणगुणतेय तिच्या कानाशी. बघतसुद्धा नाही माझ्याकडे."