शेजारच्या सीटचा ब्रेक

— नाही, नाही मास्तर, ब्रेक नका दाबू, बघितलाय मी तो कुत्रा, मीच दाबणार होते — दाबलात ना? बरं, दाबा. गाडी तुमची, क्लास तुमचा, मी कोण बोलणार! पण आज मैदानावर नाही जायचं हां. आज त्या कचेरीकडे, जन्म-मृत्यूची नोंद करतात ना, तिकडे. हो, तीच, जिच्यासमोर आले की रोज मी 'इथे पार्किंग जमायचं नाही मला' म्हणते नि गाडी पुढे काढते. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! पण आज शेवटचा दिवस आहे हो, वर्ष भरतंय. आज आमच्या ह्यांची नोंद केली नाही, तर पुढे कोर्टातून हुकूम आणा म्हणतात. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, नि माझ्यासारखीने तर त्या गल्लीतही शिरू नये.

हे घरीच गेले ना — जेवून आडवे झाले ते झालेच. हॉस्पिटलात गेले असते तर नोंद त्यांनीच केली असती. पण स्वभावच तो, जातानाही काम माझ्या गळ्यात टाकून गेले! मुलगा रोज फोन करतो, आई, झाली का नोंद? मी म्हणते, साहेब रजेवर. दुसऱ्या दिवशी म्हणते, मशीन बंद. त्या बिचाऱ्या साहेबांना मी दोनदा आजारीसुद्धा पाडलंय. खरं सांगू? शेजारीपाजारी म्हणतात 'गेले', मी पण म्हणते 'हो, गेले' — पण सरकारला कुठे माहीत आहे अजून? एवढं मोठं सरकार, त्याला पत्ता नाही, म्हणजे काहीतरी शिल्लक आहे, असं आपलं वाटतं मला. हसा, हसा. मीही हसते. साठी उलटली नि बुद्धी नाठी.

आमच्या डॉक्टरांनी एक पत्ता दिला होता — जोडीदार गेलेली माणसं शनिवारी एकत्र बसतात, बोलतात, जाऊन या म्हणाले, बरं वाटेल. गेले. गोलात खुर्च्या, मधे रुमालांचा डबा. माझी पाळी आली, काय बोलावं सुचेना, तर मी सांगितलं, आमचे हे गाडीत शेजारी बसले की पायाने खोटाच ब्रेक दाबायचे, नि वर 'अगं, अगं' ओरडायचे — आणि मलाच हसू फुटलं! थांबेचना. समोरचे एक गृहस्थ ढसाढसा रडायला लागले, मग मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसले. गेले होते आधार घ्यायला नि आले देऊन. परत नाही गेले. — अं? कुणाला ओरडायचे? मुलाला हो. मुलगा चालवायचा ना. 'अगं' नाही, 'अरे, अरे' म्हणायचे. तुम्ही पण ना, शब्दात पकडता!

नणंदबाई तर म्हणतात, वहिनींचं दुःख बघा, गाडी शिकायला निघाल्या. वरातीमागून घोडं! म्हणू देत. घरी रडायला बसलं की दिवस जातो. इथे रडू आलं तरी समोर बघावं लागतं, नाहीतर तुम्ही ब्रेक मारता. — आलीच बघा कचेरी. त्या दोन गाड्यांच्या मधे बसेल? बसेल. जरा मागे... आरसा... चाक पूर्ण फिरवलं... नि सरळ. घ्या! लागली.

काय झालं? असे काय बघताय? — एका दमात लागली, तीही रिव्हर्समध्ये? छे हो, बोलाफुलाला गाठ पडली झालं. ... नाही पटत?

बरं बाई. येते मला गाडी. मुलगा शाळेत होता तेव्हापासून येते. लायसन्स ह्या पर्समध्येच आहे, तुम्हाला दिसू नये म्हणून चष्म्याच्या घरात लपवून — म्हातारीचे चाळे, दुसरं काय! ह्यांनाच यायची नाही. मी चालवायची, हे शेजारी बसून पाय दाबायचे. ब्रेक कुठला तिथे, नुसती चटई, तिला भोक पडलंय. हे गेल्यावर एकदा काढली मी गाडी. कोपऱ्यावर वळले, तर कुणी 'अगं' म्हणेना. तशीच मागे आणली नि झाकून ठेवली. मग तुमची पाटी दिसली. म्हटलं, शेजारी माणूस, त्याच्या पायाखाली खराखुरा ब्रेक, आणि पैसे भरले की तासभर आपल्याला घाबरतो — आणखी काय पाहिजे?

फसवलं मी तुम्हाला, मास्तर. रागावू नका. मला भीती गाडीची नव्हती हो. त्या रिकाम्या सीटची होती.

चला. पर्स... डॉक्टरांचा दाखला... आहे. — नाही, तुम्ही नका उतरू. आत मी एकटीच जाते. नि थांबूही नका, दुसरं कुणी खोळंबलं असेल तुमचं, खरंच शिकणारं. उद्या नाही येणार मी. उद्या माझी काढते.

अहो, पाय काढा की आता ब्रेकवरून! ह्यांनाही रोज सांगावं लागायचं. गाडी थांबलीय.