घरातल्या राउटरची नोंद

जबाब, दि. २२/०९/२०२५, वेळ सकाळी ११.१० वा.

मी, राही सखाराम घवाळी, वय ३७ वर्षे, शिक्षण डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्स, व्यवसाय नोकरी, रा. मधलीवाडी, मिरजोळे, ता. जि. रत्नागिरी. आज रोजी कोणी न बोलावता स्वतः पोलीस ठाण्यात येऊन समक्ष सांगते ते असे की,

मी वरील पत्त्यावर वडील सखाराम बाळू घवाळी, वय ७१, सेवानिवृत्त पोस्टमन, यांच्यासोबत राहते. आई २०१९ साली वारली. माझा धाकटा भाऊ स्वरूप, वय २९, हा संगमेश्वर येथे औषधांच्या एका वितरकाकडे विक्रीचे काम करतो व तेथेच खोली घेऊन राहतो. दर शनिवारी संध्याकाळी मोटारसायकलने घरी येतो आणि रविवारी जेवून परत जातो. मी मिरजोळे औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात पॅनेल जोडणी विभागात सुपरवायझर आहे. घरातील वायफायचे कनेक्शन वडिलांच्या नावावर आहे. राउटर मी स्वतः दुकानातून आणलेला आहे.

आमच्या घरापासून चौथ्या घरात सानवी गोताड, वय २२, ही आईवडिलांसह राहते. ती नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. फेब्रुवारी महिन्यात वडिलांनी स्वरूपसाठी तिच्या घरी विचारणा केली होती. सानवीने स्वतः समोर येऊन, मला शिक्षण पूर्ण करायचे आहे, असे सांगून नकार दिला. ती नीट बोलली होती. वडिलांना त्याचे वाईट वाटले नाही. स्वरूप त्या विषयावर घरात काहीही बोलला नाही, त्यामुळे तो विषय संपला असे मी समजले.

दि. २२/०७/२०२५ रोजी दुपारी सानवीच्या नावाने एक खोटे खाते उघडून त्यावर तिचे बदललेले फोटो व तिचा मोबाईल नंबर टाकण्यात आला. तिला कुठून कुठून फोन येऊ लागले. तिने कॉलेजला जाणे बंद केले. तिच्या तक्रारीवरून तपास होऊन दि. २०/०८/२०२५ रोजी पोलीस आमच्या घरी आले व ते खाते आमच्या वायफायवरून वापरले गेले असल्याचे सांगितले. त्या दिवशी घरी कोण होते असे विचारले असता वडिलांनी सांगितले की मी एकटाच होतो, कोणी आले गेले नाही. स्वरूपने आपण संगमेश्वरला कामावर असल्याचे सांगितले. मी पहिल्या पाळीला कारखान्यात होते. वडिलांना त्यानंतर तीन वेळा चौकशीला बोलावण्यात आले. त्यांच्याकडे बटणांचा फोन आहे व तो त्यांना फक्त उचलता येतो. यावर्षी गणपतीत आमच्या घरी आरतीला वाडीतले कोणी आले नाही. वडिलांनी व मी आरती केली. स्वरूपही होता.

विचारल्यावरून सांगते की, आमच्या राउटरवर त्या क्षणी कोणकोणती साधने जोडलेली आहेत तेवढेच दिसत होते. आधी कोण येऊन गेले याची नोंद त्यात राहत नव्हती. राउटर चालवणारा जो आतला प्रोग्राम असतो त्याला फर्मवेअर म्हणतात. तो बदलून बाहेरच्या लोकांनी तयार केलेला मोफत प्रोग्राम घालता येतो आणि त्यात कोणता फोन किती वाजता जोडला गेला, किती वाजता तुटला, हे लिहून ठेवता येते. पोलिसांनी राउटर तपासून दि. २५/०८/२०२५ रोजी परत दिला होता. तरीही मी असे करणार असल्याचे दि. ०१/०९/२०२५ रोजी पोलीस ठाण्याला लेखी कळवले. त्याची शिक्का मारलेली प्रत माझ्याकडे आहे.

दि. ०७/०९/२०२५ रोजी रविवार असल्याने सकाळी नऊ वाजता मी कामाला सुरुवात केली. राउटरच्या खाली छापलेला मॉडेल क्रमांक व आवृत्ती पाहून नेमकी त्याच आवृत्तीची फाइल आदल्या दिवशी उतरवून घेतली होती. केबलने लॅपटॉप जोडून फाइल चढवत असताना वीज गेली. वीज आल्यावर राउटर सुरू झाला नाही, नुसता लाल दिवा लागून राहिला. वडील खुर्चीत बसून बघत होते. ते म्हणाले, "गेला असंल तर जाऊंदे गो. लोकांनी ठरवलाय ता ठरवलाय." मी म्हटले, "मी नाय ठरवलेला."

माझ्यासोबत काम करणारी झारा सोलकर हिला मी फोन केला. ती म्हणाली, "रिसेटचं बटण दाबून धर, तसंच धरून चालू कर, आणि लॅपटॉपवरनं फाइल परत पाठव. एकदा नाही जमलं तर दहादा कर." सहाव्या वेळी फाइल गेली. दुपारी पावणेदोन वाजता राउटर नव्या फर्मवेअरवर सुरू झाला. वीज गेल्यावर नोंद पुसली जाऊ नये म्हणून मी मागे पेनड्राइव्ह लावला व नोंद त्यात जाईल असे केले. त्याचे घड्याळ इंटरनेटवरून आपोआप जुळते. माझा फोन, लॅपटॉप, टीव्ही आणि स्वरूपचा नेहमीचा फोन यांना मी नावे दिली. वायफायचा पासवर्ड मुद्दाम बदलला नाही. नोंद ठेवली जाते हे स्वरूपला सांगितले नाही.

दि. १८/०९/२०२५ रोजी गुरुवारी दुपारी २ वाजून २० मिनिटांनी त्याच खात्यावर सानवीचे आणखी फोटो आले. संध्याकाळी तिची आई आमच्या दारात आली व वडिलांना म्हणाली, "बाबा, तुमचा अजून मन भरला नाय काय?" वडील मान खाली घालून उभे राहिले. ती गेल्यावर मी नोंद उघडली. दुपारी २.०६ ला एक निनावी फोन जोडला गेला होता व २.३१ ला तुटला होता. कारखान्यात आमचे फोन गेटवर जमा होतात, त्यामुळे माझा फोन तिकडेच होता. वडिलांना कोणी आले होते काय असे विचारले. ते म्हणाले, "कोण नाय आला." मोरीवर दोन ताटे धुऊन पालथी घातलेली होती. त्याबद्दल मी त्या दिवशी काही बोलले नाही.

दि. २०/०९/२०२५ रोजी शनिवारी संध्याकाळी ६.४० वा. स्वरूपची मोटारसायकल अंगणात आली. मी लॅपटॉप उघडून बसले होते. ६.४१ ला दोन फोन एकदम जोडले गेले. एक त्याचा नेहमीचा आणि दुसरा गुरुवारी दुपारचा. एकदा दिसले म्हणून धरून चालायचे नाही असे मी ठरवले. त्याला नाक्यावर नारळ आणायला पाठवले. दोन्ही फोन तुटले व तो परत आल्यावर दोन्ही जोडले गेले. नंतर साखर आणायला पाठवले. तसेच झाले. मग काडेपेटी आणायला सांगितली. तेव्हा तो हसून म्हणाला, "ताई, एकदाच काय ती यादी दे ना." काडेपेटी घेऊन तो ७.५२ ला परत आला. दोन्ही फोन ७.५२ ला जोडले गेले.

मी त्याला काही विचारले नाही. विचारले असते तर त्याने तो फोन नाहीसा केला असता. रात्री आम्ही तिघे एकत्र जेवलो. रविवारी दुपारी तो जेवून संगमेश्वरला गेला. दर रविवारी मी त्याला सोबत डबा देते. काल दिला नाही. त्याने मागितलाही नाही.

तो गेल्यावर मी वडिलांना नोंद दाखवली व वाचून सांगितली.  ते म्हणाले, "त्या दिवशीपण आलेला. जेवला न् मागच्या खोलीत जाऊन बसला. आणि गुरुवारीपण." मी विचारले, पोलिसांना का सांगितले नाही. ते म्हणाले, "राही, माझाच नाव ऱ्हाऊंदे. माझा काय आता. त्याचा लगीन व्हायचा हाय." मी म्हटले, "आणि सानवीचा?"

त्याच दिवशी संध्याकाळी पाच वाजता मी सानवीच्या घरी गेले. तिच्या आईने मला आत घेतले नाही. सानवी पडवीत आली. मी तिला हे कोणाचे काम आहे ते सांगितले. ती म्हणाली, "राहीताई, हे तुम्ही पोलिसांसमोर सांगाल? तुमचा भाऊ आहे तो." मी म्हटले, "उद्या सकाळी जाते." ती म्हणाली, "माझे फोटो तुम्हीपण बघितलेत?" मी हो म्हटले. तिने मान हलवली आणि आत गेली. थोड्या वेळाने तिची आई बाहेर आली व मला पाणी दिले.

आज मी निघाले तेव्हा वडील सदरा घालून तयार होते. ते माझ्यासोबत रिक्षाने आले. सध्या ते बाहेर बाकावर बसलेले आहेत. त्यांनी आत्ताच हवालदारांना सांगितले आहे की, राहीचे झाल्यावर माझाही जबाब पुन्हा लिहून घ्या, पहिला बरोबर नव्हता.

मी सदर राउटर, पेनड्राइव्ह, लॅपटॉप व नोंदीच्या सह्या केलेल्या प्रती हजर करीत आहे. स्वरूप सखाराम घवाळी हा आज संगमेश्वर येथे कामावर असून दुसरा फोन त्याच्याकडे आहे. त्याच्या खोलीचा पत्ता मी वेगळ्या कागदावर लिहून दिला आहे. तपासात व कोर्टात बोलावल्यास मी हजर राहीन आणि जे आज सांगितले तेच सांगेन.

वरील मजकूर मला मराठीत वाचून दाखवला. माझ्या भावाविरुद्ध हा जबाब मी "नाइलाजाने" देत आहे असे शेवटी लिहिलेले होते. मी तसे सांगितले नव्हते. तो शब्द माझ्या सांगण्यावरून काढला आहे. बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे व बरोबर आहे.

सही
राही सखाराम घवाळी