अकरा पिवळी कपाळे

संशयी स्वभाव वाईट, हे मान्य. पण आमच्या हिनकल गावच्या मळ्यातली ही हकिकत ऐका आणि मग मला दोष द्या.

पशुवैद्यांनी यंत्र लावून अकरा मेंढ्या तपासल्या. सात गाभण निघाल्या. मेंढपाळ निंगण्णाने खूण म्हणून त्यांच्या कपाळी हळद लावली. उरलेल्या चार भाकड मेंढ्या दुपारी खाटकाला द्यायच्या होत्या.

दुपारी पाहतो तो अकराही कपाळे पिवळी!

"निंगण्णा, हे तुझेच काम!"

"देवाशपथ नाही, स्वामी!"

तोच माझी पत्नी तबक घेऊन आली. "मी लावली. सातजणींना हळद आणि चौघींना नाही? दारी आलेल्या बायकांत आपण असा दुजाभाव करतो का?"

मेंढ्या न्यायला आलेला खाटीक म्हणाला, "गाभण मेंढी मी नेत नाही. रिकाम्या चार दाखवा."

नुसत्या आवाजावरून मेंढी ओळखणारा निंगण्णा उत्तरला, "आता सगळ्या सारख्याच दिसतात."

खाटीक रिकाम्या हाताने परतला.

"अगं, ती गाभण मेंढ्यांची खूण होती," मी पत्नीला म्हणालो.

"अय्यो! खूण? मला कुणी सांगितलं होतं?"

सकाळी निंगण्णाला हळद कालवून देताना "गाभण किती निघाल्या?" असे तिनेच विचारले होते.