ब्लॅकपूलचा बेत

जगदीश: ...आणि हे ऐक, नीलू. त्या ऑल्टन टॉवर्सच्या पार्काला म्हणे झाडांच्या शेंड्यांपेक्षा उंच काही बांधायची परवानगी नाही. मग त्यांनी काय केलं असेल?

नीलांबरी: खडक फोडून खड्डा केला आणि अख्खा रोलर कोस्टर खड्ड्यात बसवला. नेमेसिस नाव त्याचं. अहो, चार वर्षं झाली त्याला. माझ्या ब्लॅकपूलच्या मैत्रिणीनं, विनयानं, तेव्हाच कात्रण पाठवलं होतं.

जगदीश: तुला काही नवीन सांगायची सोयच नाही. बरं, हे बघ, हे या मार्चमधलं. ऑब्लिव्हियन. गाडी कड्यावर येते, तिथं थांबते, माणसांना खाली बघायला लावते आणि मग सरळ जमिनीतल्या भोकात! आणि त्यासाठी शहाणीसुरती माणसं रांगा लावतात.

नीलांबरी: खाली पडण्यात विशेष काही नसतं. ते थांबणं असतं ना, खरी भीती त्यातच वाटते.

जगदीश: जुलैत बसशीलच. आधी ब्लॅकपूलला विनयाकडे आठवडाभर राहायचं, मग तिकडं. सगळं ठरलंय. पांघरूण नीट घे. आज वारा बघितलास ना? दारातली सायकल आडवी झाली.

नीलांबरी: आपल्या पामर्स्टनला वारा नाही असा दिवस दाखवा मला.

जगदीश: आपण ब्लॅकपूलला राहायचो तेव्हा तरी कुठं कमी होता! तुझी ड्यूटी सुटली की हॉस्पिटलातून थेट समुद्रावर. पदर खोचून तू वर कोस्टरमध्ये, आणि तुझी पर्स नि स्वेटर सांभाळत मी खाली. येणारेजाणारे बघून हसायचे.

नीलांबरी: आणि तेही चुकीच्या बाजूला उभे! त्या ग्रँड नॅशनल कोस्टरवर दोन गाड्यांची शर्यत असते, पण रूळ एकच, तो फिरून दुसरीकडून येतो. इकडच्या फलाटावरून निघालं की तिकडच्या फलाटावर उतरायचं. शंभरदा सांगितलं असेल. मी बाहेर यायचे, तर तुम्ही आपले निघाल्या जागीच ताटकळत.

जगदीश: मला वाटायचं, जिथं सोडलं तिथंच परत यायला हवं माणसानं. तेव्हा तरुण होतो, डोकं चालत नव्हतं.

नीलांबरी: आत्ता तरी चालतंय का? एकदा बसला असतात माझ्या शेजारी तर काय बिघडलं असतं?

जगदीश: उलटी झाली असती तुझ्या अंगावर. बाकी त्या मार्गेटच्या लाकडी गाडीत मी बसेन हं. तिथं ब्रेक लावणारा माणूस गाडीबरोबरच असतो, असं लिहिलंय इथं. उतारावर वेग वाढला की तो हातानं आवरतो. मला असं कुणीतरी आवरणारं लागतं. चल, साडेचार वाजले. दोन घास खाऊन घे आणि तुझं व्हिटॅमिन घे.

नीलांबरी: अहो, तुम्ही मला कोस्टरची कात्रणं कधीपासून वाचून दाखवायला लागलात?

जगदीश: म्हणजे? आवडतं ना तुला?

नीलांबरी: आवडतं. तीस वर्षांत तुम्ही एक ओळ वाचली नाहीत. ‘काय हा पोरकटपणा’ म्हणायचात. आता रोज संध्याकाळी शेजारी बसून वाचताय. बायको बरी होणार असेल तर नवरा असलं काही करत नाही.

जगदीश: काहीतरीच काय! अशक्तपणा आहे, भरून निघेल. इंद्रनील शनिवारी येतोय अल्बनीहून, त्यालाही विचार हवं तर.

नीलांबरी: त्यालाही पढवलंत तुम्ही. परवा फोनवर बिचारा ‘स्वीट ॲज, आई, ऑल गुड’, सगळं झकास, एवढंच म्हणत होता आणि मधेमधे नाक ओढत होता.

जगदीश: गोळी घे आधी.

नीलांबरी: दाखवा. बाटली व्हिटॅमिनची आहे. आत काय आहे?

जगदीश: नीलू...

नीलांबरी: अहो, जन्म वॉर्डात गेला माझा. रात्रीच्या पाळीला, दिवा न लावता हातातल्या गोळ्या ओळखायचे मी. आणि तुम्ही मला मॉर्फिन व्हिटॅमिन म्हणून देता?

(जगदीशरावांनी बाटली खाली ठेवली. गावातल्या चौकाजवळच्या आपल्या औषधांच्या दुकानात त्यांनी उभ्या आयुष्यात चुकीची चिठ्ठी चिकटवली नव्हती. गिऱ्हाइकाला दोनदा विचारल्याशिवाय बाटली हातात द्यायचे नाहीत. आणि घरी बायकोला फसवायला बसले, तर पकडले गेले होते, हे त्यांना आत्ता कळत होतं.)

जगदीश: कधी कळलं?

नीलांबरी: पहिली गोळी हातात आली तेव्हाच. आणि त्याच्या आधी त्या डॉक्टर मुलीनं सांगितलं होतं. तुम्ही गाडी हॉस्पिटलच्या दारापाशी आणायला गेलात ना, तेव्हा तिनं खुर्ची ओढली, माझा हात धरला आणि सगळं सांगितलं. यकृतापर्यंत गेलंय, आता उपाय नाही, फक्त त्रास कमी करायचा.

जगदीश: मी बजावलं होतं तिला, नीलूला सांगू नका म्हणून!

नीलांबरी: तेही सांगितलं तिनं. म्हणाली, तुमच्याकडची पद्धत असेल, पण आजार तुमचा आहे, तुम्हाला कळायलाच हवा. मी म्हटलं, बरं केलंस बाई. फक्त मला कळलंय ते ह्यांना सांगू नकोस.

जगदीश: का गं? माझ्यापासून लपवलंस?

नीलांबरी: घ्या! हे मला विचारताय?

जगदीश: माझ्या आईला कळलं आणि तिनं दुसऱ्या दिवसापासून ताट बाजूला सारलं. भिंतीकडे तोंड करून पडली ती पडलीच. तुझं तसं व्हायला नको होतं मला. तू हसावंस, बेत करावेस, भांडावंस माझ्याशी. शेवटपर्यंत.

नीलांबरी: म्हणून तर गप्प राहिले. इतकं मन लावून खोटं बोलत होतात तुम्ही! ती कात्रणं, तो चष्मा, अडखळत वाचणं. मला मोडवेना.

जगदीश: विमानाची तिकिटं मात्र खरी आहेत, नीलू. तेवढं खोटं नव्हतं. मला वाटलं, तिकिटं काढली तर कदाचित... औषधांतलं सगळं कळतं मला, तरी वाटलं.

नीलांबरी: खरी आहेत ते माहीत आहे. ट्रॅव्हल एजंटचा फोन मीच घेतला होता. त्या दिवशी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. मला नाही हो जायचं कुठं. मला इथंच राहायचंय, आपल्या घरात, तुम्ही शेजारी असताना. पण आता खोटं नको. दमले मी.

जगदीश: नाही बोलणार. तुझी शपथ. रात्री कण्हायचीस तू. मला वाटायचं, झोपेत असशील.

नीलांबरी: झोप कुठली?

जगदीश: म्हणजे दुखत होतं? अगं, मग उठवायचंस ना मला! लागली तर मधे आणखी एक द्या, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलंय. मी आपला तुझ्या तोंडाकडे बघत बसलो, तू मागशील तर देईन म्हणून. मागितली का नाहीस?

नीलांबरी: व्हिटॅमिनची दुसरी गोळी कशी मागायची हो?

जगदीश: देवा.

नीलांबरी: रडू नका. अहो... बरं, रडा. किती दिवस अडवून ठेवलंय तुम्ही तरी.

जगदीश: आत्ता दुखतंय?

नीलांबरी: हो. खूप.

जगदीश: ही घे. मॉर्फिन आहे, नीलू.

नीलांबरी: हं. पाणी द्या. लागू पडायला थोडा वेळ जाईल, तोवर उठू नका इथून.