ती जागा दाबू नका

— नाही, ते खोकं आधी खाली ठेव. बस. दुर्गापुऱ्याहून या उन्हात आलास, पाणी पी, कासवं काय पळून जातात का. परेशचा फोन आला होता ऑफिसातून — बाबा, निनाद येईल, दोन्ही कासवं त्याला देऊन टाका, प्रियंका झोपलेली असेल तेव्हाच द्या. झोपलीय ती. म्हणजे, पडलीय. झोप कुठे लागते तिला. हळू बोल हं, सुनेची खिडकी इकडेच आहे.

तो बघ, फाटकाजवळ बसलाय, तो नर. थानेदार. नाव आम्ही नाही ठेवलं, आधीच्या घरच्या पोरांनी ठेवलं — बँकेतले लोक, नाशिककडचे, बदली झाली तेव्हा कूलर एकाला दिला, शेगडी दुसऱ्याला, आणि कासवं आमच्याकडे आली. बदलीवाल्यांचं असंच, तुला काय सांगायचं. तर हा थानेदार. प्रताप नगरच्या घरांना अंगण ते केवढं, पण सारं याचं. पाण्याची परात याची, लिंबाखालची सावली याची. ती जवळ गेली की धडक देतो, पायाला चावतो. आणि ती — बाई म्हणतो आम्ही तिला, ती काय कुंडीमागं — ती आपली अंग आत घेते आणि डबीला झाकण लागावं तशी खालून बंद होते. फटीत नख जाणार नाही. तू कितीही हाका मार, ती उघडायची नाही. मी म्हणायचो, काहून गं एवढी भितेस, जागा सोड ना त्याला.

पण तिला जागाच पाहिजे होती, हे मला काय ठाऊक. उन्हाळा लागला तशी खायची थांबली. काकडी टाका, पपई टाका, बघायची नाही. भिंतीच्या कडेनं नुसत्या फेऱ्या. परेश म्हणाला आजारी आहे, मी म्हटलं आधीचं घर आठवत असेल. मग संध्याकाळ झाली की त्या कोपऱ्यात, कढीपत्त्यापाशी, मागच्या पायांनी माती उकरायची — तोंड भिंतीकडे, मागं काय खणतेय ते वळून बघत नाही, पायानंच चाचपते. तेवढ्यात थानेदार यायचा, ढकलायचा, की खड्डा तसाच सोडून ही बंद. आणि सकाळी मी काय करायचो? खड्डा भरायचो आणि टाचेनं दाबून घट्ट करायचो. हसतोस काय. जन्म गेला माझा रेल्वेच्या गँगमध्ये, रुळाखालची खडी दाबत, सैल जागा दिसली की पाय आपोआप जातो. आणि वाटायचं, सून अंधारात नळावर येते, अडखळेल. ती खणायची, मी दाबायचो, ती पुन्हा खणायची. मातीचा दगड करून टाकला मी.

तर एक दिवस मागून आवाज आला. बाबा, ती जागा दाबू नका. मी दचकलो. कोण बोललं म्हणून बघतो तर प्रियंका, दारात. आणि मला, तुला सांगतो, रडूच आलं — कारण की —

परेशनं सांगितलं नसेल तुला. नाही ना? तो कोणाला सांगत नाही. मीही सांगायला नको होतं. आता निघालंच तोंडातून. मार्चात बाळ गेलं रे तिचं. सातवा लागला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कोणाची चूक नाही. नसेल. पण परेशनं काय केलं, ती दवाखान्यात होती तेव्हाच झबली, दुपटी, सगळं बांधून कोणाला तरी देऊन टाकलं. तिला दिसू नये म्हणून. मायेनंच केलं, मी नाही म्हणत का. ती घरी आली, कपाट उघडलं, थोडा वेळ बघत राहिली, बंद केलं. तेव्हापासून हो नाही इतकंच. जेवा म्हटलं की जेवते. आणि एवढ्या दिवसांनी पहिलं काय बोलली, तर हे.

मग तिनंच मोबाईलवर बघून सांगितलं — बाबा, अंडी घालायचीत तिला, जागा मऊ लागते. मनासारखी जागा मिळाली नाही, किंवा मधेच दुसरीकडे नेली, तर पोटातच धरून ठेवते. त्यात मरतेसुद्धा म्हणे. आता रोज ऊन कललं की मगभर पाणी घेऊन येते, कोपरा भिजवते, पायरीवर बसून राहते. थानेदार तिकडे निघाला की चपलेनं अडवते. परवा रागावली त्याच्यावर. अरे, किती बरं वाटलं ऐकायला, त्या शिव्या.

आणि परेशला धसका बसलाय. अंडी दिसली तर हिला पुन्हा सगळं आठवेल, म्हणतो. आठवेल म्हणजे? विसरली कधी? पण हे मी त्याला म्हटलं नाही. फोनवर हो म्हटलं. बापानं हो म्हटलं आणि तू खोकं घेऊन आलास, वर भोकंही पाडून आणलीस, तुझी काय चूक. पण ती उठून कोपऱ्यात आली आणि कोपरा रिकामा, मग — नाही, तू नको सांगू. तुला काय विचारतोय मी.

थांब. नळ सुटला. पाण्याचा मग भरतेय ती.

ऊठ. थानेदाराला घे, दोन्ही हातांनी, चावत नाही तो माणसाला. फक्त त्यालाच न्यायचं. बाईला हात लावायचा नाही. परेशला मी सांगतो. आजवर त्याच्यावर आवाज चढवला नाही, आज चढवावा लागला तर बघू, हळूच चढवीन. झाकण लाव. आणि ऐक, मी बोललो ते —

अगं, काही नाही पोरी, निनाद आहे, परेशच्या ओळखीचा. थानेदाराला न्यायला आलाय. — हो, एकट्यालाच. — ती? ती कुठे जाते. ती इथंच आहे. टाक तू पाणी.

फाटक हळू लाव रे.